घाईची कामे आणि मजुरांची सुरक्षितता

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावी विहिरीचे काम पावसाळ्यापूर्वी पुरे करण्याची घाई असते. उपसलेली माती काठालगत साचली, की तिच्या भाराने काठ ढासळून मजूर गाडला जाण्याचा धोका उद्भवतो.

मागेल त्याला काम देण्याचे दायित्व महाराष्ट्राने १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने स्वीकारले. कंत्राटदार नेमल्याने मजुरांच्या कायदेशीर हक्कांबाबतची शासनाची जबाबदारी टळत नाही, असे दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या तातडीच्या बांधकामांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट केले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने कामावर प्रथमोपचाराची सोय व अपघातग्रस्तास मोफत उपचार यांची तरतूद केली.

तथापि उपचार हे अपघातानंतरचे होत. माती काठापासून दूर टाकणे, काठास उतार देणे आणि पाऊस पडताच काम थांबविणे, ही दक्षता काम काढणाऱ्या यंत्रणेचेच कर्तव्य होय. मुदतीची सबब तेथे चालणार नाही.