परदेशचा प्रवास व विम्याचा कागद

पूर्वीं आपल्या घरांतील वडील माणूस काशीयात्रेस निघालें म्हणजे देण्याघेण्याचा हिशेब पुरा करून, मुलांस चार गोष्टी सांगून आणि परत येणें न येणें ईश्वराच्या हातीं सोंपवून निघत असे. आतां काळ पालटला आहे. वडील माणसें आतां काशीप्रमाणें कॅलिफोर्नियासही जातात, आणि मुलाच्या किंवा मुलीच्या घरीं नातवंडांत चार-सहा महिने राहून सुखरूप परत येतात. या प्रवासाची तयारी दोन महिने आधीं सुरू होते. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांच्या पुड्या बांधल्या जातात. उबदार कपडे घेतले जातात. बॅगा कांट्यावर चढवून पुन्हां पुन्हां तोलल्या जातात. आणि विमा? तो बहुधा निघण्याच्या आदल्या आठवड्यांत, तिकीट काढून देणारा सांगेल तो, किंवा सर्वांत स्वस्त मिळेल तो घेतला जातो. मसाल्याच्या पुडीविषयीं जेवढी चर्चा घरांत होते तेवढी या कागदाविषयीं होत नाहीं, हें आम्हीं अनेक घरीं पाहिलें आहे. आणि खरें सांगावयाचें तर आमच्या घरींही तसेंच होत असे. म्हणून या विषयाचा थोडा स्वस्थपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रवासाचा विमा ही कल्पना आजची नव्हे. इंग्लंडांत आगगाड्यांचें जाळें पसरलें तेव्हां त्यांच्या अपघातांचें भय लोकांच्या मनांत बसलें, आणि १८४९ सालीं तेथें केवळ आगगाडीच्या उतारूंचा विमा उतरणारी एक कंपनी निघाली. स्टेशनावर प्रवासाच्या तिकिटाबरोबर विम्याचेंही तिकीट मिळे. पहिल्या वर्गाच्या उतारूनें तीन पेन्स मोजले कीं, अपघातीं मरण आल्यास त्याच्या घरच्यांस हजार पौंड मिळावे अशी योजना होती. आपल्याकडेही २०१६ सालापासून इंटरनेटवर रेल्वेचें तिकीट काढणारास अशीच सोय झाली. त्या वेळीं तिला ९२ पैसे पडत. आजही तें काम रुपयाच्या आंतच होतें, आणि गाडीच्या अपघातांत मृत्यु आल्यास वारसास १० लाख रुपये मिळतात. परंतु त्याच गाडींत एखाद्या उतारूस हृदयविकाराचा झटका आला, तर तें या विम्यांत बसत नाहीं. कारण हा विमा गाडीच्या अपघाताचा आहे, आजाराचा नव्हे. एवढ्या लहानशा उदाहरणांतही विमा निवडण्याचें पहिलें सूत्र सांपडतें. किती रुपयांचा विमा आहे हें मागाहून पाहावें. कशाचा आहे हें आधीं पाहावें.

परदेशच्या प्रवासांत संकटें मुख्यतः तीन. आजारपण, प्रवास रद्द होणें अथवा खोळंबणें, आणि सामान गहाळ होणें. जाहिरातींत तिन्हींस सारखीच जागा दिलेली असते. परंतु कुटुंबाच्या दृष्टीनें त्यांचें वजन सारखें नाहीं. बॅग हरवली तर चार दिवस हळहळ वाटेल; तिकीट फुकट गेलें तर वर्षाची शिल्लक जाईल; पण परक्या देशांत मोठें आजारपण आलें तर राहतें घर विकण्याची पाळी येऊं शकते. अमेरिकेंत १९८६ पासून असा कायदा आहे कीं, तातडीच्या विभागांत आलेल्या रोग्याची तपासणी करून त्याची प्रकृति स्थिर होईतों उपचार करावे. पैसे आहेत कीं नाहींत हें पाहून त्यास परत पाठवूं नये. हें ऐकून पुष्कळांस धीर येतो. परंतु उपचार नाकारतां येत नाहींत याचा अर्थ ते फुकट होतात असा नव्हे. बिल मागून येतेंच. २००९ सालीं आप्तांच्या लग्नासाठीं अमेरिकेस निघालेल्या एका भारतीय गृहस्थास सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरतांच हृदयविकाराचा झटका आला. तेथील रुग्णालयांत त्यांस तीन स्टेंट बसविण्यांत आले, आणि बिल झालें सव्वादोन लाख डॉलरांहून अधिक, म्हणजे त्या वेळच्या दरानें एक कोटी रुपयांच्याही वर! या गृहस्थांचें पुढें काय झालें तें आम्ही लवकरच सांगणार आहों.

आतां निवडीचा विचार. प्रथम देश पाहावा. शेंगेन करारांतील युरोपीय देशांचा व्हिसा हवा असेल तर निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा कायद्यानेंच आवश्यक आहे, आणि रोग्यास किंवा दुर्दैवानें मृतदेहास मायदेशीं आणण्याचा खर्चही त्यांत अंतर्भूत असावा लागतो. कॅनडांत मुलांकडे दीर्घकाळ राहण्यास जाणाऱ्या आईवडिलांसाठीं जो 'सुपर व्हिसा' आहे, त्यास एक लाख कॅनेडियन डॉलरांचा, निदान एक वर्षाचा विमा लागतो. अमेरिकेच्या प्रवासी व्हिसाला मात्र विम्याची अट नाहीं. आणि जेथें औषधोपचार सर्वांत महाग तेथेंच ही सक्ति नसल्यामुळें आपलीं माणसें नेमकीं तेथेंच गाफील राहतात. आपल्याकडील कंपन्यांचे दर बहुधा 'अमेरिका व कॅनडा धरून' आणि 'ते वगळून' असे दोन असतात. युरोपला जातांना वाटेंत चार दिवस न्यूयॉर्कला भाचीकडे उतरावयाचें असेल, तर पहिल्या प्रकारचाच विमा घ्यावा. दुसऱ्याचा तेथें कांहीं उपयोग नाहीं. तसेंच घरीं असलेला नेहमीचा मेडिक्लेम बहुधा देशाच्या सीमेपर्यंतच चालतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट वयाची. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 'एक लाख डॉलर' असें ठळक छापलेलें असतें. परंतु साठीपुढील माणसांसाठीं आंतल्या पानावर खोलीभाडें इतकें, शस्त्रक्रिया इतकी, हृदयविकारास इतके, अशा पोटमर्यादा पुष्कळदां घातलेल्या असतात. त्या वाचल्या नाहींत तर लाखाचा विमा प्रत्यक्षांत दहा-पंधरा हजारांचाच निघतो. याशिवाय दाव्याचा आरंभींचा कांहीं भाग आपण सोसावयाचा असतो. त्यास डिडक्टिबल म्हणतात. हा भाग थोडा मोठा घेऊन एकूण मर्यादा वाढवून घेणें शहाणपणाचें, असें आमचें मत आहे. शंभर-दोनशे डॉलर कोणतेंही सुखवस्तु घर सोसूं शकतें. विम्याचें प्रयोजन न सोसणाऱ्या आघातासाठीं आहे.

विमा येथें घ्यावा कीं तेथें, हाही प्रश्न नेहमीं निघतो. अमेरिकेंत पाहुण्या आईवडिलांसाठीं मिळणाऱ्या विम्याचे दोन प्रकार आहेत. एकांत प्रत्येक उपचारास ठराविक रक्कम मिळते, मग रुग्णालयाचें बिल कितीही होवो. हा स्वस्त असतो. दुसऱ्यांत डिडक्टिबल वजा जातां, झालेल्या खर्चाचा ठरलेला हिस्सा कंपनी कमाल मर्यादेपर्यंत देते. हा महाग असतो. नांवें व रंगीत पत्रकें इतकीं सारखीं असतात कीं मुलांचाही घोंटाळा होतो. जो घ्यावयाचा तो दुसऱ्या प्रकारचा आहे ना, आणि मुलाच्या गांवच्या रुग्णालयांत तो चालतो ना, एवढें मुलाकडून लेखी मागवून घ्यावें. तेवढें जमत नसेल तर येथील चांगल्या कंपनीचा विमा कमी प्रतीचा समजण्याचें कारण नाहीं.

परंतु या सर्वांहून मोठी गोष्ट निराळी आहे, आणि ती कंपनीच्या हातीं नसून आपल्या घराच्या हातीं आहे. ती म्हणजे अर्जांत प्रकृतीविषयीं खरें लिहिणें.

आमच्याच घरचा अनुभव सांगतों. आमचे धाकटे बंधू बोस्टनजवळ असतात. गेल्या वर्षीं अण्णा व आई त्यांच्याकडे निघालीं तेव्हां बंधूंनीं मोठ्या हौसेनें तिकडूनच विम्याचा अर्ज भरला, आणि एकदां पाहून घ्या म्हणून आमच्याकडे पाठविला. रात्रीं जेवणें झाल्यावर सर्व मंडळी बसली असतां तो मोठ्यानें वाचला. प्रकृतीच्या सर्व रकान्यांत 'नाहीं, नाहीं' असें लिहिलेलें होतें. अण्णा म्हणाले, "छान भरला आहे. पाठवून द्या." तोंच आई म्हणाली, "आणि दोन वर्षांमागें छातींत दुखलें म्हणून अँजिओग्राफी केली ती? साखरेची गोळी?" कोणीच कांहीं बोलेना. कारण ही गोष्ट धाकट्यापासून आम्हीं सर्वांनींच लपविली होती. तो दूर देशीं एकटा. त्यास उगाच घोर नको, असा आमचा हेतु. अण्णा म्हणाले, "अरे, अर्धी गोळी घेतों मी. ती काय लिहावयाची? लिहिलीत तर पैसे वाढवतील." थोरल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "अण्णा, पैसे वाढले तर इथे भरूं. तिथे कांहीं झालें तर भावजींना भरावे लागतील. आणि आपण लपवलें हें त्यांना तेव्हां कळेल."

वहिनींच्या या बोलण्यांत आमच्या लेखाचें सार आलें आहे. आपल्या एकत्र कुटुंबांत दुखणीं लपविण्याची रीत प्रेमांतून आलेली आहे. मुलापासून बापाचें लपवावें, सासरच्यांपासून सुनेचें लपवावें, म्हाताऱ्यापासून त्याचें स्वतःचेंही लपवावें! परंतु विम्याचा करार ज्या तत्त्वावर उभा आहे तें तत्त्व याच्या अगदीं उलट आहे. १७६६ सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्रज न्यायाधीशानें एका खटल्यांत सांगितलें कीं, धोक्याचें ज्ञान बहुतेक विमा घेणारापाशींच असतें व विमा देणारा त्याच्या शब्दावर विसंबतो. म्हणून यांत कांहींही दडवितां कामा नये. आपल्या देशांतील विम्याच्या करारासही हेंच तत्त्व लागू आहे. मुलानें अजाणतां लिहिलेलें 'नाहीं' हें मुलाच्या दृष्टीनें खरें असलें तरी ज्याचा विमा आहे त्याच्या दृष्टीनें तें खोटेंच ठरतें.

या बाबतींत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला २००९ चा. तो प्रवासाचा नसून साध्या मेडिक्लेमचा होता. एका गृहस्थानें आपला मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार अर्जांत सांगितला नव्हता. त्याच्या मागें पत्नी न्यायालयांत गेली, परंतु कंपनीनें दावा नाकारला तो योग्यच, असें ठरलें. दुसरा डिसेंबर २०२१ चा. आणि तो, वर सांगितलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या गृहस्थांचा. त्यांचाही दावा कंपनीनें पूर्वींच्या आजाराचें कारण दाखवून नाकारला होता. परंतु त्यांस मधुमेह आहे ही गोष्ट विमा देतांना कंपनीस ठाऊक होती, आणि वैद्यकीय तपासणी करूनच पॉलिसी दिलेली होती. सर्व जाणून विमा दिल्यावर मागाहून त्याच आजाराचें निमित्त करतां येणार नाहीं, असें सांगून न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. लढण्यास बारा वर्षें लागलीं हें खरें. पण सांगितलेला आजार हीच त्यांची ढाल झाली.

अर्थात् सांगितलें म्हणजे सर्व खर्च मिळेल असेंही समजूं नये. जुन्या दुखण्याच्या बाबतींत बहुतेक प्रवासी विमे जीवावर बेतलेल्या प्रसंगापुरतेच पैसे देतात. नेहमींची तपासणी व औषधें त्यांत येत नाहींत. म्हणून लागणारीं औषधें, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मुक्कामास पुरतील इतकीं बरोबर न्यावीं.

प्रवास रद्द झाल्यास मिळणाऱ्या भरपाईविषयीं थोडक्यांत सांगतों. ती कागदांत नांवानिशीं लिहिलेल्या कारणांसाठींच मिळते. मन बदललें म्हणून नव्हे. एप्रिल २०१० मध्यें आइसलंडांतील ज्वालामुखीच्या राखेनें युरोपचीं विमानें थांबलीं, तेव्हां ज्वालामुखी म्हणजे 'खराब हवामान' कीं काय यावर तंटे झाले. २०२० सालीं कोरोनाच्या वेळीं महामारी वगळल्याचें अनेकांस नंतर कळलें. शिवाय संकट सर्वांस ठाऊक झाल्यावर घेतलेला विमा त्या संकटापुरता चालत नाहीं. यास्तव तिकीट काढतांच विमा घ्यावा. सामानाच्या बाबतींत विमान कंपनीवरही मॉन्ट्रियल कराराची जबाबदारी आहे. बॅग मोडली तर ती हातीं आल्यापासून सात दिवसांत व उशिरा मिळाली तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी. विमानतळ सोडण्यापूर्वींच नोंद करून पावती घेतलेली उत्तम.

विमा घेऊन झाल्यावर पॉलिसीची एक प्रत प्रवाशाजवळ, एक तिकडे मुलाजवळ व एक येथें घरीं असावी. तीवरील मदतीचा दूरध्वनि क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. रुग्णालयांत दाखल होण्यापूर्वीं, अगर तातडी असल्यास होतांच, त्यावर कळवावें लागतें. बिलें, औषधांच्या पावत्या व रुग्णालयाचे कागद मूळ स्वरूपांत जपावे. येथील कंपनीनें दावा नाकारला तर प्रथम तिच्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरांत उत्तर न आलें किंवा तें पटलें नाहीं तर एक वर्षाच्या आंत विमा लोकपालाकडे जावें. मुंबईस व पुण्यास त्यांचीं कार्यालयें आहेत. तेथें फी नाहीं आणि वकीलही लागत नाहीं.

आमच्या घरीं त्या रात्रीं धाकट्या बंधूंस दूरध्वनि करून सर्व हकीकत सांगण्यांत आली. तो प्रथम रागावला, मग बराच वेळ गप्प राहिला, आणि दुसरे दिवशीं नवा अर्ज भरून आला. पैसे वाढले, ते येथूनच पाठविले. अण्णा सहा महिने राहून सुखरूप परत आले. एका दातदुखीवांचून त्यांस कांहीं झालें नाहीं, आणि त्या दाताचा खर्च विम्यांत बसला नाहीं! विम्याचे पैसे फुकट गेले असें ते अजून म्हणतात. आम्ही त्यांस विरोध करीत नाहीं. घरांतील प्रत्येकाचे हे पैसे असेच फुकट जावोत. परंतु अर्ज भरण्याच्या दिवशीं मात्र एकदां सर्वांनीं एकत्र बसावें, आणि आईस अवश्य विचारावें.