टाच टेकवण्याची मेहनत

अमरावतीतल्या एका फिजिओथेरपी खोलीत सहा वर्षांचा मुलगा बुटक्या चौरंगावर बसलाय. पाठीला दप्तर आहे, पण आत वह्या नाहीत, किलोभर तूरडाळ आहे. तळवे फरशीवर सपाट टेकवलेले आणि गुडघे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे रबरी चेंडू. हात न टेकता त्याला उभं राहायचंय. तो पुढं वाकतो, वजन पायांवर घेतो, बूड उचलतो आणि नेमकी तेव्हाच उजवी टाच वर येते. समोर बसलेली थेरपिस्ट त्याच्या गुडघ्यावर तळहात ठेवून खाली दाबते. टाच टेकते, मुलगा उभा राहतो. "आता बस. धपकन नाही बापू, हळू." उठण्यापेक्षा हे हळू बसणं अवघड. मांड्या थरथरतात, कपाळावर घाम येतो. पाच-सहा वेळा झालं की दम घ्यायचा आणि पुन्हा सुरू.

दाराशी बसलेल्या आईचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, हे पोट्टं चालन का जी?"

मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. यात दुखणं दिसतं पायांत, पण इजा असते मेंदूत. ती गर्भात, बाळंतपणात किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात झालेली असते. आया ती आपल्या शब्दांत सांगतात: जन्मल्यावर रडला नाही, सातव्या महिन्यातच झाली, कावीळ झाली म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं होतं. लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलांच्या पायांतला कडकपणा यांचा संबंध मांडला. पुढं कितीतरी वर्षं हा 'लिटलचा आजार' म्हणूनच ओळखला जाई. वऱ्हाडातल्या गावांत मात्र अजूनही पहिला सवाल येतो तो "पोलिओ झाला का?" असाच. पोलिओत पाय लुळा पडतो. सेरेब्रल पाल्सीतल्या बहुतेक मुलांचा पाय उलट आखडलेला असतो. मेंदूकडून स्नायूला सैल सोडण्याचा निरोप नीट पोचत नाही, म्हणून पोटरी एकदम ताणली की ती आणखी घट्ट होते. मूल चवड्यावर चालतं, मांड्यांची कैची होते. मेंदूतली इजा वाढत नाही, पण मूल वाढतं. हाडं भराभर लांब होतात, आखडलेला स्नायू मागं राहतो.

आखडलेला स्नायू कमजोरही असतो, ही गोष्ट घरच्यांना पटवणं सगळ्यांत कठीण जातं. हाताला दगडासारखी लागणारी पोटरी दुबळी कशी असेल? म्हणून घरोघरी पहिला उपाय मालिश. तेल बदलतं, मालिश करणारी बाई बदलते, वर्षं जातात. मालिशनं लेकराला बरं वाटतं, आईचा हात लागतो, ते तिनं जरूर करावं. पण त्या वेळी मूल पडून असतं आणि मेहनत दुसऱ्याची होत असते.

तज्ज्ञांनाही हे उशिराच उमगलं. व्यायामानं जोर लावायला सांगितलं तर कडकपणा वाढेल, अशी धास्ती बराच काळ होती. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डायन डॅमियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघे वाकवून चालणारी १४ मुलं घेतली, आठवड्यातून तीनदा असं सहा आठवडे त्यांच्या मांड्यांच्या स्नायूंना वजन उचलायला लावलं. ताकद वाढली आणि चालताना गुडघ्यांचा वाक कमी झाला. २००७ मध्ये तैवानमधून आलेल्या एका अभ्यासात वजनाचं जाकीट घालून उठणं-बसणं मुलांनी घरीच केलं, तेही सहा आठवडे. दप्तरातली तूरडाळ त्याच जातकुळीची. दालमिल्सच्या अकोल्यात असो की अमरावतीत, जाकीट मिळेल न मिळेल, डाळ घरात असतेच.

अमरावतीला खरं तर हे परकं वाटू नये. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकानं देशी व्यायाम जगाला दाखवले. थोडं जास्त वजन, थोडी विश्रांती आणि रोजचा नेम, हे आखाड्यातलं तत्त्व या मुलांच्या स्नायूंनाही लागू पडतं. शहरातल्या व्यायामाच्या अभिमानात या मुलांनाही जागा हवी.

मात्र नुसत्या ताकदीनं चाल सुधारते असं नाही. पुढच्या काही चाचण्यांत स्नायू बळकट झाले, पण चालण्यात तेवढा फरक पडला नाही. चालणं सुधारतं ते चालूनच. म्हणून चौरंगावरून उठलेला मुलगा लगेच वॉकर धरतो. हा वॉकर पुढं ढकलायचा नसतो, तो पाठीमागं असतो आणि मूल त्याला ओढत नेतं. त्यानं छाती वर राहते, मूल पुढं झुकत नाही. फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत, पाऊल पट्टीच्या पलीकडं पडायला हवं. वाटेत एक लाकडी पट्टी उंबरठ्यासारखी आडवी. मुलगा तिथं थबकतो, पाय गोल फिरवून बाजूनं न्यायला बघतो. थेरपिस्ट थांबवते आणि गुडघा वर उचलायला लावते. एका मिनिटात किती मीटर चालला, ते वहीत लिहिलं जातं.

घरची फरशी वेगळी, अंगण वेगळं. प्लास्टिकचा ब्रेस, ज्याला सगळे कॅलिपरच म्हणतात, घोटा सरळ धरतो आणि टाच टेकवायला मदत करतो. पण तो बुटात घालायचा असतो आणि आपल्याकडं घरात कोणी बूट घालत नाही. त्यात अकोल्याचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की ब्रेसच्या आत घामोळं येतं, कातडी लाल होते आणि ब्रेस माळ्यावर जातो. आत सुती मोजा, सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर वापर, रोज रात्री कातडी पाहणं, एवढं कोणी समजावून सांगितलं तर तो टिकतो. सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात मिळत नाहीत.

मग आईचा प्रश्न. प्रामाणिक थेरपिस्ट त्याला सरसकट हो म्हणत नाही. कॅनडात १९९७ मध्ये तयार झालेली पाच पायऱ्यांची वर्गवारी आता सगळीकडं वापरतात: पहिल्या पायरीचं मूल धावतंही, पाचव्या पायरीच्या मुलाला मान सावरायलाही मदत लागते. दुसऱ्या वर्षापर्यंत आधाराशिवाय बसू लागलेल्या मुलाकडून चालण्याची आशा बरीच असते. ऑन्टॅरिओतल्या ६५७ मुलांच्या पाहणीत दिसलं की मोठ्या हालचालींतला बहुतेक विकास पाच वर्षांच्या आतच होऊन जातो. म्हणूनच उशीर इथं फार महाग पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. त्या तपासणीत दहा महिन्यांचं न बसणारं बाळ 'थोडं मागं आहे, होईल' म्हणून सोडून दिलं, तर सगळ्यांत मोलाचा काळ हातचा जातो.

व्यायामाचं वेळापत्रक पिकावर हलतं. दिवाळीच्या पुढंमागं कापसाची वेचणी सुरू झाली की दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोटकडून येणाऱ्या आया दिसेनाशा होतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा फायदा झालाच. पण बुडालेली मजुरी कोण भरून देणार? अशा आईला 'तुम्ही नियमित येत नाही' म्हणून ओरडणं अन्याय आहे. तिला मोजके तीनच व्यायाम द्यावेत, फोनवर चित्रण करून द्यावं आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला शिकवावं. दाराशी बसलेल्या या आईनं पुढच्या खेपेला सासूला आणायचं कबूल केलं. आजीनं आल्या आल्या विचारलं, "त्याले दुखन नाही का वं?" थेरपिस्टनं तिला चौरंगाजवळ बसवलं, गुडघ्यावर हात कुठं ठेवायचा ते दाखवलं, थकल्यानं थरथरणं वेगळं आणि दुखून रडणं वेगळं हे सांगितलं, आणि वहीत वेचणी संपेपर्यंतचे आकडे लिहून दिले: आठवड्यातून तीन दिवस, एक किलो, आणि जमलं तर दिवाळीनंतर सव्वा.