मसावि, आणेवारी आणि संगणकाचा दशांश

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत गणितावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. निमित्त घडले ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे. 0.3 आणि 0.1 यांचा मसावि त्याने संगणकाकडून काढून घेतला होता. दोन्ही संख्यांना पूर्ण भाग जाईल अशी मोठ्यात मोठी संख्या 0.1 हीच, पडद्यावर मात्र दशांशचिन्हापुढे सोळा शून्ये आणि मग 27755 असे काहीतरी उमटले होते. ‘सर, संगणक चुकतो का?’ असे त्याने विचारले.

मसावि काढण्याची रीत जुनी आहे. मोठ्या संख्येला लहानीने भागावे, उरलेल्या बाकीने त्या लहानीला भागावे, बाकी शून्य येईपर्यंत हेच चालवावे. 48 ला 36 ने भागल्यास बाकी 12. 12 ने 36 ला निःशेष भाग जातो, म्हणून मसावि 12. युक्लिडने ही रीत सांगितली. आर्यभटाचे आणि 1150 च्या ‘लीलावती’तील भास्कराचार्यांचे कुट्टक याच परस्पर भागाकारावर उभे आहे.

मग बिघडले कोठे? संगणक अपूर्णांक साठवतो तो अर्धा, पाव, अर्धपाव अशा तुकड्यांनी. एक तृतीयांश जसा आपल्या दशांशात संपत नाही, तसा एक दशांश त्या तुकड्यांत संपत नाही. 53 द्विमान अंकांनंतर तो तोडावा लागतो. परिणामी साठवलेला 0.1 किंचित मोठा होतो आणि 0.3 किंचित लहान. तीन वेळा जाणारा भाग दोनदाच जातो, बाकी 0.1 हून जराशी कमी उरते, आणि पुढच्या पायरीला ती सूक्ष्म संख्या हाती येते. तिने दोन्ही साठवलेल्या संख्यांना निःशेष भागही जातो! यंत्राने आपल्याजवळच्या संख्यांचा मसावि अचूक काढला. त्या संख्याच आपल्या नव्हत्या.

येथे इतिहास आठवतो. सोलापुरात 1877 साली ‘जुनी मिल’ सुरू झाली, तेव्हापासून पुढे कितीतरी दशके गिरणगावाचा हिशेब आण्यांत चाले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे 64 पैसे. पावकी, निमकी, पाउणकी पाठ केलेल्या आमच्या आजोबांचा तो हिशेब संगणकाला एका कणाचीही चूक न होता साठवता आला असता. (पै मात्र नाही, रुपयाच्या 192 पै होत, आणि तेथे तीनचा भाग आडवा येतो.) 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. माणसाला हिशेब सोपा झाला. पण शंभरांतले 25, 50 आणि 75 पैसे सोडले, तर रुपयाहून कमी अशी एकही रक्कम द्विमान पद्धतीत नेमकी बसत नाही.

हजारो संख्यांवर एकदम क्रिया करणाऱ्या संगणकभाषांत हे अधिक जपावे लागते, कारण तेथे एकेक उत्तर कोणी डोळ्यांखालून घालीत नाही. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल भाषेत मसाविसाठी एकच चिन्ह आहे, आणि अत्यल्प फरक नगण्य मानण्याची सोयही आहे. पण किती फरक नगण्य, हे शेवटी माणूसच ठरवतो. नमपायची मसाविची क्रिया अपूर्णांक स्वीकारीतच नाही. मला हा नकार अधिक प्रामाणिक वाटतो.

बँकेत, पतसंस्थेत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी रक्कम पैशांत, पूर्णांकात ठेवावी. रूपांतरातही सावध असावे: 0.29 ला शंभराने गुणून नुसता पूर्णांश घेतला तर 28 येतात. जवळचा पूर्णांक घेतला पाहिजे. आणि पूर्णांक तरंगबिंदूत साठवले असतील तर त्यांनाही सीमा आहे. 9,00,71,99,25,47,40,993 ही विषम संख्या तेथे 992 वर संपते, आणि 2 शी तिचा मसावि 1 ऐवजी 2 येतो.

त्या विद्यार्थ्याने मग 30 आणि 10 पैसे असे लिहून पाहिले. उत्तर 10 आले.