४.३ दुधाच्या कॅनची स्वच्छता : क्रम आणि कारणे

विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो, अपमार्जकाचा (डिटर्जंटचा) होत नाही, हे आपण मागील विभागात पाहिले. आता अपमार्जकाचा दुग्धव्यवसायातील उपयोग पाहू.

दुधातील स्निग्धांश, प्रथिने आणि खनिज क्षार धातूला निरनिराळ्या रीतीने चिकटतात. म्हणून कॅन धुण्याचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम कॅन कोमट पाण्याने विसळावा. आरंभीच उकळते पाणी ओतल्यास प्रथिने साकळून पृष्ठभागावर घट्ट बसतात. नंतर गरम पाण्यात अपमार्जक मिसळून ब्रशने घासावे. अपमार्जकाच्या रेणूचे एक टोक स्निग्धांशाला व दुसरे पाण्याला धरते; त्यामुळे चिकटा सुटून वाहून जातो. झाकणाची रबरी कडी काढून वेगळी धुवावी, कारण तिच्याखाली दूध साचते. तारेची घासणी टाळावी. तिच्या ओरखड्यांत जिवाणूंना आसरा मिळतो. ॲल्युमिनियमच्या कॅनसाठी कॉस्टिक सोडा वापरू नये. त्याने धातू झिजतो.

क्षारांचा पांढरट थर मात्र अपमार्जकाने सहसा निघत नाही. त्यासाठी सौम्य आम्ल लागते. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. शेवटी कॅन स्वच्छ पाण्याने धुऊन, पालथा ठेवून कोरडा करावा.

चकाकणारा कॅन स्वच्छ असतोच असे नाही. ओलसर कडेला उरलेले जिवाणू ताज्या दुधात वाढतात, दूध नासते आणि कुटुंबाची दिवसाची कमाई बुडते.

स्वाध्याय : तुमच्या वापरातील एका उपकरणाच्या स्वच्छतेचा क्रम कारणांसह पाच वाक्यांत लिहा.