गाळातले जिवाणू पीसीबी ‘खातात’, मग नदीतले मासे का टाळायचे?

माझ्या एका रुग्ण काकूंची मुलगी अमेरिकेत अल्बनीला असते. पाचवा महिना चालू आहे आणि जावयांना हडसन नदीत मासे धरण्याचा नाद आहे. काकूंनी विचारलं, “नदीत पूर्वी कारखान्याचं रसायन होतं, पण आता जंतूंनी ते खाऊन टाकलंय, असं जावई म्हणतात. खरं का, डॉक्टर?”

अर्धंच खरं आहे.

हे रसायन म्हणजे पीसीबी. विजेच्या कपॅसिटरमध्ये भरायचं हे तेलकट द्रव्य जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून 1947 ते 1977 या काळात हडसनमध्ये गेलं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, गाळाला चिकटतं. गाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत, मग मोठ्या माशांत जातं आणि प्रत्येक पायरीला चरबीत साठत वाढतं. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीसीबीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. गर्भाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची काळजी वेगळीच.

आता जंतूंकडे येऊ. गाळात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. आपलं शरीर अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला देतं. तिथले डिहॅलोकोकॉइडिससारखे जिवाणू ते क्लोरीन असलेल्या रेणूला देतात आणि त्या व्यवहारात क्लोरीनचा एक अणू सुटून जातो. म्हणजे ते पीसीबी खात नाहीत, त्याच्यावर श्वास घेतात म्हणा ना! हडसनच्या गाळात हे आपोआप घडतंय, हे 1987 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. रेणूच्या कडेचे क्लोरीन आधी निघतात आणि डायॉक्सिनसारखा विषारीपणा बराचसा त्यांच्यामुळेच असतो. त्यामुळे हा फायदा खरा आहे.

पण दोन कड्यांच्या सांध्याजवळचे क्लोरीन बहुधा तसेच राहतात. रेणूचा सांगाडाही मोडत नाही. तो मोडायला ऑक्सिजनवर जगणारे दुसरे जिवाणू लागतात आणि ते खोल गाळात काम करू शकत नाहीत. पीसीबीचं प्रमाण कमी असेल तिथे तर हे काम फारच रेंगाळतं. म्हणूनच जंतूंवर न विसंबता 2009 ते 2015 दरम्यान नदीच्या वरच्या भागातला सुमारे 21 लाख घनमीटर गाळ उपसावा लागला. कोळशाच्या कणांवर असे जिवाणू वाढवून गाळात सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. मला ते आशादायक वाटतात, पण ताटातल्या माशाचा निर्णय त्यावर घेऊ नये.

काकूंना मी सांगितलं, मुलीने हडसनचा मासा अजिबात खाऊ नये. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याचा अल्बनी भागासाठी 50 वर्षांखालच्या स्त्रिया आणि 15 वर्षांखालच्या मुलांना हाच सल्ला आहे. जावयांना काही जातींचे मासे अधूनमधून चालतात, ती यादी खात्याकडे मिळते. कातडी आणि चरबी काढून भाजला तर पीसीबी कमी होतं, संपत नाही. आपल्या कालवणात तर चरबी रश्श्यातच उतरते आणि तो आपण भातावर घेतो.

आधी दोन-चार वेळा खाल्ला असेल तर घाबरू नका. पीसीबी शरीरातून काढणारं औषध नाही आणि रक्ततपासणीने उपचार बदलत नाहीत. आपल्या प्रसूतितज्ज्ञांना मात्र सांगून ठेवा. बाळाला अंगावर पाजणं यासाठी बंद करू नये, आणि गरोदरपणात मासेच सोडायचीही गरज नाही. दुकानातला सामन किंवा तारली खुशाल खा.