कोठडीतली शेळी आणि नायजेरियातल्या चेटकिणी

जानेवारी २००९. नायजेरियाच्या क्वारा राज्यात पोलिसांच्या ताब्यात एक शेळी आली. माझदा गाडी चोरायला आलेल्या टोळक्यातला एक जण पकडला जाणार, तेवढ्यात तो शेळी झाला, असं गस्त घालणाऱ्या तरुणांचं म्हणणं होतं. मुद्देमाल म्हणा की आरोपी म्हणा, त्यांनी शेळी ठाण्यात आणून दिली. जगभरच्या वर्तमानपत्रांना आयता मथळा मिळाला. पोलीस प्रवक्त्याने पत्रकारांना हेही सांगितलं होतं की, असल्या गूढ गोष्टीवर पोलीस विसंबू शकत नाहीत, माणसाची शेळी झाली असेल तर ते शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध व्हायला हवं. ते फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लक्षात राहिली ती शेळी.

नायजेरियातल्या चेटूक-करणीबद्दल आपल्याकडे जे काही ठाऊक असतं, ते बहुतेक अशाच मथळ्यांमधून आणि सिनेमांतून आलेलं आहे. त्यातला एक ठाशीव समज म्हणजे 'वूडू'. कापडाची बाहुली, तिला टोचलेल्या टाचण्या आणि दूर कुठेतरी कळवळणारा शत्रू. प्रत्यक्षात वोदुन हा शेजारच्या बेनिन आणि टोगो देशांतल्या फॉन आणि एवे लोकांचा धर्म. गुलामांच्या जहाजांतून तो हैतीपर्यंत गेला. टाचण्यांची बाहुली त्याला चिकटली ती मुख्यतः पाश्चात्त्य कादंबऱ्या आणि हॉलीवूडच्या कृपेने.

नायजेरियात वीस कोटींहून जास्त माणसं आणि अडीचशेहून जास्त जमाती आहेत. नैर्ऋत्येच्या योरुबांचे ओरिशा हे देव, आग्नेयेच्या इग्बोंची भूमाता अला आणि प्रत्येक माणसाची स्वतःची 'ची' नावाची दैवशक्ती, उत्तरेत शतकानुशतकं मुसलमान असलेल्या हौसांमध्ये इस्लामच्या सावलीत टिकून राहिलेला, अंगात येणाऱ्या शक्तींचा बोरी पंथ. एवढ्या सगळ्यांना 'आफ्रिकन काळी जादू' या एका गाठोड्यात बांधता येत नाही. (आणि जादूटोण्यासाठी वापरला जाणारा 'जुजू' हा शब्द दिसला की दचकायचं कारण नाही. किंग सनी अडे यांनी जगभर पोचवलेल्या योरुबा संगीतालाही जुजूच म्हणतात. ते ऐकून फार तर पाय थिरकतील.)

दुसरा समज असा, की चेटकीण म्हणजे निव्वळ दुष्टपणा. बेन्वे नदीच्या खोऱ्यातल्या तिव लोकांना विचारलं तर उत्तर जरा गुंतागुंतीचं मिळेल. त्यांच्या मते काही माणसांच्या हृदयावर 'त्साव' नावाचा पदार्थ वाढतो. गावाचा कारभार हाकणाऱ्या वडीलधाऱ्यांकडे तो असतोच, असायलाच हवा. उत्तम गाणारा, उत्तम बोलणारा, चार माणसांवर वजन असलेला, यांच्याकडेही थोडाफार. त्याच त्सावने माणूस मारताही येतो. म्हणजे ज्याच्याकडे सत्ता आहे त्याच्याबद्दल आदर आणि संशय दोन्ही एकाच शब्दात. राजकारणाचं हे बरंच चाणाक्ष निरीक्षण म्हणायला हवं.

योरुबांमध्ये हीच शक्ती बायकांकडे जाते. तिला 'आजे' म्हणतात आणि ती असलेल्या स्त्रियांचा उल्लेख बरेचदा 'आपल्या आया' असा आदराने होतो. त्या रात्री पक्ष्याच्या रूपाने हिंडतात, चिडल्या तर वंश बुडवतात, प्रसन्न असल्या तर पाऊस, पीक आणि मुलंबाळं देतात, असा विश्वास. त्यांना चुचकारायचं कसं? योरुबांच्या काही भागांत त्यासाठी गेलेदे होतो. बाजाराच्या मोकळ्या जागेत रात्री गाण्यांचा आणि टिंगलटवाळीचा कार्यक्रम, दुसऱ्या दिवशी नाच. नाचणारे पुरुष, पण सोंग बायकांचं. लाकडी छाती, फुगवलेले नितंब, घोट्यांत खुळखुळणारे लोखंडी वाळे. डोक्यावर शांत, जड पापण्यांचा लाकडी चेहरा आणि त्या चेहऱ्याच्या माथ्यावर कोरलेलं एक अख्खं दृश्य: साप आणि पक्षी, कधी शिवणयंत्र, कधी मोटारसायकल. मुखवटे कोरणाऱ्याला परंपरेचं सोवळं नाही, गावात नवं काही आलं की ते मुखवट्यावर चढतं. युनेस्कोने २००१ मध्ये गेलेदेला मानवजातीच्या वारशाचा ठेवा म्हणून जाहीर केलं आणि २००८ मध्ये तो अमूर्त वारशाच्या यादीत गेला.

एशू या योरुबा देवाची गोष्ट वेगळ्याच वळणाची. हा चौकाचा, दारा-उंबरठ्याचा देव, माणसांचे निरोप आणि नैवेद्य इतर देवांपर्यंत नेणारा, थोडा खोडकर. एकोणिसाव्या शतकात बायबल योरुबात आणताना सॅम्युएल अजायी क्राउदर यांनी सैतानासाठी त्याचंच नाव वापरलं. क्राउदर स्वतः योरुबा, लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले, पुढे १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकन बिशप झालेले. त्यांच्या त्या निवडीमुळे आजही असंख्य योरुबा ख्रिस्ती लोकांसाठी एशू म्हणजे सैतानच, आणि त्याला भजणारे सैतानपूजक.

यावरून जुन्या काळी सगळं गोडीगुलाबीने चालायचं असा उलटा गैरसमज करून घ्यायचंही कारण नाही. आग्नेय नायजेरियातल्या कालाबारच्या एफिक लोकांत चेटकाचा आळ आला की 'एसेरे' नावाचं बी खायला लावत. कुटून पाण्यात कालवलेल्या बिया घ्यायच्या. उलटी झाली आणि जगला तर निर्दोष, मेला तर गुन्हा सिद्ध. निर्दोष माणूस बिनधास्त घटाघट पितो म्हणून त्याला उलटी होते आणि मनात पाप असलेला घोट घोट घेतो म्हणून विष भिनतं, असं एक स्पष्टीकरण युरोपियन डॉक्टरांनी मांडलं. पण भीतीने हात थरथरणारा निर्दोष माणूसही घोट घोटच घेणार! १८५५ मध्ये एडिंबराचे प्राध्यापक रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी ते बी स्वतः खाऊन पाहिलं आणि जेमतेम वाचले. १८६४ मध्ये त्यातलं फायझोस्टिग्मीन वेगळं काढण्यात आलं. काचबिंदूवर ते अनेक वर्षं वापरलं गेलं आणि आपल्याकडच्या धोतऱ्याच्या विषबाधेवरचा उतारा म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत त्याचं नाव आजही असतं.

सगळ्यात घट्ट बसलेला आणि सगळ्यात चुकीचा समज मात्र वेगळाच आहे: हे सगळं आदिम काळापासून जसंच्या तसं चालत आलंय, शिक्षण आणि पैसा आला की विरून जाईल. नायजेरियाचा विसाव्या शतकाचा इतिहास याच्या नेमका उलट आहे.

१९५०-५१ मध्ये योरुबा गावांत 'अतिंगा' नावाची लाट आली. गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, बाजूने निघून डाहोमेमार्गे (आजचा बेनिन देश) ती इथे पोचली. तरुणांची टोळकी गावात यायची, नाचायची आणि नाचता नाचता चेटकिणी 'ओळखायची'. ओळखल्या जायच्या त्या बहुतेक वयस्क बायका. कबूल केलं तर पैसे भरून शुद्धी. नाकारलं तर कोंबडं आणायचं. त्याचा गळा चिरून सोडायचं आणि ते तडफडत कसं पडतं त्यावर निकाल. वाटेत जुन्या देवांची ठाणीही या पोरांनी फोडली. म्हणजे परंपरेच्या नावाखाली परंपरेवरच घाव. शेवटी वसाहतीच्या सरकारने बंदी घातली.

ही लाट दुष्काळात आली नव्हती. महायुद्धानंतर कोकोचे भाव चढले होते आणि गावांत पैसा खेळू लागला होता. तो काहींच्याच हातात पडत होता आणि बाजारात पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या योरुबा बायकांच्या हाती स्वतःचा पैसा आधीपासूनच होता. अतिंगाचा पुढे अभ्यास करणाऱ्यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली आहे. जवळपास त्याच सुमारास, १९५२ मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ सिगफ्रिड नाडेल यांनी मध्य नायजेरियातल्या दोन शेजारी जमातींची तुलना केली. नुपे आणि ग्वारी, राहणीमान बरंचसं सारखं. ग्वारींमध्ये चेटूक करणारा पुरुष असू शकतो, बाईही. नुपेंमध्ये मात्र फक्त बाई, आणि संशय हमखास व्यापारी बायकांच्या म्होरक्या बाईवर. नुपे बायका गावोगाव फिरून व्यापार करत आणि नवरे बरेचदा त्यांचे कर्जदार असत. बायकोचे पैसे फेडता येत नसले की ती चेटकीण ठरवणं सोपं जातं, हे समजायला आफ्रिकेत जायची गरज नाही.

मग १९९० च्या दशकात नेम बदलला. म्हाताऱ्या बायकांच्या जागी मुलं आली.

आग्नेय नायजेरियातल्या अक्वा इबोम राज्यात पाच-सात वर्षांच्या पोरांवर चेटकाचे आळ येऊ लागले. मूल रात्री दचकून उठतं, सारखं आजारी असतं, हट्टी आहे, एवढी लक्षणं पुरेशी. घरात कुणी दगावलं किंवा बापाची नोकरी गेली की दोष पोराचा. पोरांना मारहाण, उपासमार, शेवटी घराबाहेर. काही पाद्री पैसे घेऊन 'सुटका' करून द्यायचे. २००८ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरने यावर माहितीपट दाखवला तेव्हा जगाला हे कळलं आणि त्याचाही अर्थ 'तिकडची जुनी अंधश्रद्धा' असाच लावला गेला. २०१० च्या युनिसेफच्या अहवालाने स्पष्ट नोंदवलं की आफ्रिकेत मुलांवर असे आळ येणं हा अलीकडचा प्रकार आहे आणि तो बराचसा शहरांत वाढलेला आहे.

यामागे देवऋषी कमी आणि व्हिडिओ कॅसेट जास्त आहे, असं म्हटलं तर ते फार चूक ठरणार नाही. १९९२ मध्ये 'लिव्हिंग इन बाँडेज' या चित्रपटाने नॉलीवूडची, म्हणजे नायजेरियन चित्रपटसृष्टीची, भरभराट सुरू झाली. त्याचा नायक पैशासाठी बायकोचा बळी देतो. १९९९ च्या 'एंड ऑफ द विकेड'मध्ये रात्री मुलांना चेटकाची दीक्षा मिळताना दिसते. तो एका महिला पाद्रीने लिहिलेला होता. ऐंशीच्या दशकात अर्थव्यवस्था कोलमडली होती, पेंटेकोस्टल चर्चेस गल्लोगल्ली उगवत होती आणि व्हिडिओवर पाहिलेलं रविवारी प्रवचनात 'साक्ष' म्हणून ऐकू येत होतं. अक्वा इबोमने २००८ च्या अखेरीस बालहक्क कायदा केला आणि मुलाला चेटक्या ठरवणाऱ्याला कैदेची तरतूद केली. खरं तर दक्षिणेतल्या राज्यांना लागू असलेल्या ब्रिटिशकालीन फौजदारी संहितेचं कलम २१० आधीपासून होतंच: स्वतःला चेटक्या म्हणवणं हाही गुन्हा आणि दुसऱ्यावर तसा आळ घेणं हाही, दोन वर्षांपर्यंत कैद.

शिकलेली माणसं यातून बाहेर असतात का? २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये न्सुक्काच्या नायजेरिया विद्यापीठात चेटकावर परिषद ठरली. अर्थ काय, कारणं काय, प्रथा काय, असा रीतसर शैक्षणिक विषय. ख्रिस्ती संघटनांनी गदारोळ केला, जणू देशभरच्या चेटकिणींचं संमेलनच भरणार होतं. प्रमुख वक्ता मागे हटला, विद्यापीठाला शीर्षकातला 'चेटूक' शब्द काढावा लागला आणि परिषद 'मानवी वर्तन' या विषयाखाली पार पडली. आणि हे फक्त नायजेरियाचं म्हणावं, तर २०२२ मध्ये बोरिस गर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने ९५ देशांतल्या एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोकांची उत्तरं तपासली. दृष्ट लावून किंवा शाप देऊन माणसाचं वाईट करता येतं असं मानणारे चाळीस टक्क्यांहून जास्त निघाले. स्वीडनमध्येही नऊ टक्के.

भीतीचा धंदा करणाऱ्यांना हे चांगलं कळतं. नायजेरियातल्याच बेनिन सिटीहून (शेजारच्या बेनिन देशातून नव्हे) युरोपात देहविक्रयासाठी नेल्या जाणाऱ्या मुलींना आधी देवस्थानात नेतात. तिथे त्यांचे केस, नखं, कपडे ठेवून घेतात आणि शपथ घ्यायला लावतात: कर्ज फेडेन, कुणाला नाव सांगणार नाही. पोलिसांसमोर या मुली गप्प का राहतात, हे इटलीतल्या अधिकाऱ्यांना बराच काळ कळत नव्हतं. मार्च २०१८ मध्ये बेनिन सिटीचे पारंपरिक राजे ओबा एवारे दुसरे यांनी पुजाऱ्यांना बोलावून या सगळ्या शपथा रद्द झाल्याचं जाहीर केलं आणि पुन्हा अशा शपथा घालणाऱ्यांनाच शाप दिला. आधुनिक कायद्याला जे जमत नव्हतं, त्याला जुन्या गादीने असा हात लावला. कुणाला हे आवडो न आवडो.

राहिला आत्म्यांच्या जगाबद्दलचा एक समज, जो सगळ्यात हळवा आहे. योरुबांचा 'अबिकू' आणि इग्बोंचा 'ओग्बांजे' म्हणजे मरून पुन्हा त्याच आईच्या पोटी येणारं मूल. पलीकडच्या जगातल्या सवंगड्यांना ते वचन देऊन आलेलं असतं, म्हणून फार काळ राहत नाही. चिनुआ अचेबे यांच्या १९५८ च्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'मधली एझिन्मा अशीच. तिने पुरून ठेवलेला खुणेचा खडा शोधायला अंगण खणतात तो प्रसंग वाचलेला माणूस विसरत नाही. बेन ओक्री यांच्या १९९१ चं बुकर मिळवणाऱ्या 'द फॅमिश्ड रोड'चा निवेदकही अबिकूच. अशा मुलांना योरुबा घरांत मालोमो, म्हणजे पुन्हा जाऊ नकोस, किंवा दुरोजाये, म्हणजे थांब, जग भोग, अशी नावं ठेवतात. मुलं जगत नसली की आपल्याकडे दगडू, धोंडू ठेवायचे, तीच कासावीस.

हे नुसतं कल्पनेतलं नव्हतं. मुलं खरोखर ओळीने मरत होती. आईबाप दोघेही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक. जन्मतः ते ठणठणीत दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन काही महिने सांभाळून नेतं. मग हातपाय सुजतात, रक्त आटतं, साध्या तापाने जीव जातो. शेजारणीची सगळी पोरं जगतात आणि हिचीच जातात, पुन्हा पुन्हा. याला स्पष्टीकरण हवंच होतं. अबिकूच्या प्रत्येक कथेमागे सिकलसेल होता असं नाही, मलेरिया आणि गोवरानेही बरीच मुलं जायची. पण नायजेरियात दरवर्षी सुमारे दीड लाख बाळं हा आजार घेऊन जन्मतात, जगात सर्वांत जास्त. तिथे सुमारे चौथा हिस्सा लोक वाहक आहेत, कारण वाहकाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांतही हा आजार आहे. तिथल्या आरोग्यसेविकांना वेगळं काही सांगायला नको.

आता लागोस किंवा एनुगूमध्ये प्रेमात पडलेली पोरं एकमेकांना लवकरच विचारतात, तुझा जीनोटाइप काय? एए की एएस? दोघंही एएस, म्हणजे सिकलसेलचे वाहक, निघाले की बरीच लग्नं तिथेच मोडतात. अनेक चर्चेस लग्नाची तारीख देण्याआधी रक्ततपासणीचा दाखला मागतात, त्यांत रविवारी चेटकिणींना पळवून लावण्याच्या प्रार्थना करणारीही आहेत.