गायनगुरू निवडताना आधी पट्टी पाहावी

गायन शिक्षकाची निवड करताना शुल्क, प्रसिद्धी आणि परीक्षांचे निकाल पाहिले जातात; विद्यार्थ्याला कोणत्या पट्टीत गावे लागेल, हे क्वचितच विचारले जाते. शास्त्रीय संगीतात सर्वसाधारणपणे पुरुष काळी एकच्या, तर स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास गातात. शिक्षकाच्याच पट्टीत गावे लागल्यास विद्यार्थ्याचा गळा तारसप्तकात ताणला जातो किंवा खर्जात दबतो. किशोरवयात मुलांचा आवाज फुटत असताना ही जोखीम वाढते.

त्यामुळे प्रवेशापूर्वी एक-दोन वेळा वर्गात बसून पाहावे. तंबोरा विद्यार्थ्याच्या षड्जाला लावला जातो का, चुकल्यास शिक्षक स्वतः गाऊन दाखवतात का आणि घसा दुखू लागल्यास थांबवतात का, हे तपासावे. विशारद, अलंकार या पदव्या शिक्षकाचा अभ्यास सांगतात. दुसऱ्याचा आवाज ओळखण्याची हातोटी मात्र वर्गातच दिसते.